धोंडीला कोरडं पाठवत नाहीत

घाटनांदूर,
१४ जुलै २००३

प्रिय पौलसदादा,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार. मी ठीक आहे, पाऊस ठीक नाही. निम्मा जुलै सरला तरी ढग नुसते डोकावून जातात.

तुझं पत्र पोचलं. सोबतचा टाइप केलेला माफीनामाही. सही केली तर पुढच्या महिन्यात सिस्टर म्हणून माझी अखेरची, जन्मभराची व्रतं, नाहीतर बेमुदत थांबायचं. तू फादर म्हणून लिहिलंस, मी धाकटी बहीण म्हणून उत्तर देते. रागावू नकोस. रागावलास तरी चालेल.

बिभीषणरावांनी बिशपांना काय सांगितलं ते कळलं. आता माझं ऐक. त्यांच्या उसाच्या बोअरनी वस्तीचा हापसा आटवला. टँकर मनात आलं तर येतो. पोरं डबक्यातलं पिऊन जुलाबाने आडवी झाली. मी अर्ज घेऊन गेले, तर फाटकसुद्धा उघडलं नाही. मग सुचलं. इथे पाऊस लांबला की एकाला लिंबाच्या डहाळ्या बांधून दारोदार नेतात आणि घरोघरी त्याच्यावर पाणी ओततात. त्या धोंडीला कुणी कोरडं पाठवत नाही.

"शिस्टर, तुमी धोंडी?" वस्तीतली सावित्रीबाई म्हणाली. "लई हसतील लोक."

"हसू दे."

बायकांनी घागरी घेतल्या. अंगाला डहाळ्या बांधून बिभीषणरावांच्या फाटकापुढे मी मांडीच ठोकली. ते म्हणाले, "तुमी किरिस्ताव. तुमाला कावून पायजे धोंडी?" तेवढ्यात त्यांच्या बायकोने, कौशल्याबाईंनी, माझ्या डोक्यावर तांब्या ओतला. मी उठले नाही.

"पाठ कोरडीच हाय की!" सावित्रीबाई ओरडली.

कौशल्याबाई हसल्या आणि थेट बोअरचा पाइप ओढून घेऊन आल्या. मी चिंब झाले, घागरी भरल्या. दारातल्या धोंडीपुढे नवऱ्याला बायकोचा हात धरता येईना. तेव्हापासून रोज संध्याकाळी कौशल्याबाई तो पाइप वस्तीकडे वळवतात.

यात तुला परधर्माचा विधी दिसला! पुण्याच्या परिषदेत तूच म्हणालास ना, श्रीमंत देशांच्या धुराने पृथ्वी तापते, आधी गरीब होरपळतो, आणि चर्चने त्याच्या बाजूला उभं राहिलं पाहिजे? मीही टाळ्या वाजवल्या होत्या. मग अमेरिकेच्या धुराला नावं ठेवायची आणि शेजारच्या उसापुढे गप्प बसायचं? बिभीषणराव आपल्या शाळेला जागा देणार आहेत, हे तू पत्रात लिहिलं नाहीस. मला ठाऊक आहे.

व्रतांची मला किती ओढ आहे, ते तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. पत्र वाचून मी खूप रडले. पण बिभीषणराव वस्तीत सांगून गेलेत, "बाईची माफी आली की पाइप बंद." मी केलं ते चूक होतं असं मीच लिहून दिलं, तर कौशल्याबाईंनी कुणाच्या जोरावर नवऱ्यापुढे उभं राहायचं?

माफीनामा सही न करता परत पाठवते आहे. आमच्या मठाच्या मदरना सांग, शिक्षा मान्य आहे, चूक मान्य नाही.

तूर्तास सिस्टर, कायमची तुझी बहीण,
प्रमिला