सावियोच्या ट्रॅकचा शेवट
रविवार, संध्याकाळ. बोरिवली.

सावियो गेला आणि त्याचा ट्रॅक अपुरा राहिला. आमच्या दोघांच्या डान्स म्युझिक लेबलचा हा शेवटचाच. डीजेला पुढचं गाणं जोडता यावं म्हणून ट्रॅकच्या शेवटी नुसता ठेका लागतो. तो मी बनवून जोडला. अगदी त्याच्यासारखा, असं मला वाटलं. आज त्याच्या बहिणीला, मार्थाला ऐकवला.

"हा शेवटचा ठेका तुझा ना रे?"

"कसं कळलं?"

"आमचा सावियो इतका सरळ वाजवेल? चर्चच्या बँडमधून हाकललेला त्याला!"

ती हसली आणि हसता हसता रडायला लागली.

कोणासाठी जोडला मी तो ठेका? डीजेंसाठी? की मलाच तो ट्रॅक संपायला हवा होता?

ठेका काढून टाकला. ट्रॅक आता मध्येच तुटतो. तसाच रिलीज केला. पार्टीत कोणी वाजवणार नाही.