राणीच्या दारावरची जाळी

प्रिय सानू,

‘ताई, आईला उन्हाळ्यात माझ्याकडे पाठव ना’ हा तुझा मेसेज वाचून मी फोन पालथा ठेवला आणि उत्तर दिलंच नाही. फोनवर बोलले असते तर भांडण झालं असतं, आणि ते आईने ऐकलं असतं. म्हणून हे पत्र. वाचताना हसू नकोस.

तुझे फोटो बघितले. त्या स्लोव्हेनियातल्या रंगीत मधपेट्या, प्रत्येकीच्या तोंडावर चित्र काढलेलं, आणि पुढे गॉगल लावून तू! अगं, मधमाशी दिसली की पलंगाखाली शिरणारी तू! महाबळेश्वरला बाबांच्या पेट्यांना धूर मी द्यायचे, डंख मी खाल्ले, आणि व्हिएन्नाहून शनिवार-रविवार काढून युरोपातल्या पेट्या बघतेस तू. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात ते हेच. जळले मी, सरळ सांगते. हेमंत ‘छान आलाय फोटो’ म्हणाला तर त्याच्यावरही खेकसले. बिचाऱ्या नवऱ्याला माझ्या कोलकात्यातल्या न्यू टाउनच्या ऑफिसपलीकडे जग नाही, आणि मला त्याच्या डब्यापलीकडे.

माझी आपली गच्चीवर एकच पेटी. फाल्गुन लागला, सोसायटीतले शेवगे फुलले आणि माश्यांची नुसती भरभराट झाली. बाबा सांगायचे तेव्हा तुझं लक्ष नसायचं, म्हणून सांगते. पेटी भरली की माश्या नवी राणी वाढवतात, आणि जुनी राणी निम्मी वस्ती घेऊन घर सोडते. ती जाऊ नये म्हणून बाबा या दिवसांत पेटीच्या दाराला बारीक फटींची जाळी लावायचे. कामकरी माश्या त्यातून ये-जा करतात, राणी अंगाने मोठी, तिला जमत नाही. थवा बाहेर पडला तरी राणी सोबत नाही म्हटल्यावर मुकाट परत येतो. मीही जाळी लावली होती. बाबांचीच, आईने येताना ट्रंकेतून आणलेली.

परवा एस्प्लनेडच्या बाजारातून आले तर गेटाशी ही गर्दी! शेवग्याच्या फांदीला अख्खा थवा लोंबतोय, सेक्रेटरी औषध फवारणाऱ्याला फोन लावतोय, आणि झाडाखाली छत्री उघडून आपली आई उभी, येईल त्याला ‘किछु कोरबे ना, किछु कोरबे ना’ म्हणत. काही करणार नाहीत हो त्या, एवढं बंगाली तिला कुठून आलं कोण जाणे! शेजारच्या सुचित्रादी बंद खिडकीच्या आतून हात जोडत होत्या. थवा धरायची पिशवी आणायला मी वर धावले, पण खाली येईपर्यंत तो उठला आणि तळ्याच्या दिशेने गेलासुद्धा. गच्चीत जाऊन बघते तर जाळी कठड्यावर नीट पुसून ठेवलेली.

आईनेच काढली होती. मी तोंडाला येईल ते बोलले. बाबांनी जन्मभर सांभाळलं ते तू एका दुपारी घालवलंस, असंही बोलले. ती शांतपणे म्हणाली, तुझे बाबा दर वर्षी जाळी लावायचे आणि मी दर वर्षी मनात म्हणायचे, एकदा जाऊ द्या हो बिचारीला. एवढं बोलून कुकर लावायला गेली.

मी रागारागाने तिच्या इस्त्रीच्या साड्या कपाटात कोंबत होते, तर खाली हाताला लोकरीचे मोजे लागले. मार्चात! कोलकात्यात! दोन जोड, लेबलासकट. मी तिथेच बसले पलंगावर. म्हणजे तुझं आधी तिच्याशीच बोलणं झालं होतं, आणि ती माझ्या तोंडून ‘जा’ यायची वाट बघत होती. काय झोंबलं सांगू? माझ्याकडे ती आली ती बाबा गेले म्हणून, दुसरं कुठे जायला नव्हतं म्हणून. तुझ्याकडे यायला तिने मोजे घेतले. रडले मी, सानू. लहानपणी तुझा फ्रॉक माझ्यापेक्षा छान शिवला म्हणून रडले होते तशीच, भोकाड पसरून.

तर तुझ्या मेसेजचं उत्तर. आई येईल. पण एक विचारू? ‘आईला पाठव’ म्हणालीस, पण इतक्या वर्षांत ‘ताई, तू ये’ असं एकदाही तुझ्या मनात आलं नाही? ताई म्हणजे पेटीपाशी बसणारी, हे तू धरून चाललीस. मीही तेच धरून चालले, तुला एकटीला कशाला बोल लावू? काल आईला म्हटलं, मोजे निदान घालून तरी बघ. एक जोड बरोबर बसला. दुसरा तिला चांगलाच मोठा, टाचेपाशी गोळा होत होता. दुकानदाराने फसवलं तुला, म्हटलं मी. ती खाली वाकली आणि तो जोड माझ्या पायांत चढवला. अगदी मापाचा आहे गं. पेटीत नवी राणी रमली आहे, डब्याचं हेमंत बघेल, आणि पासपोर्टला मी आजच अर्ज केला. आम्ही दोघी येतोय. त्या रंगीत पेट्या मला जवळून दाखव, आणि तू लांब उभी राहा.

तुझीच,
जळकुटी वृंदाताई