हातात घेतलेल्या चपला

लोणावळा,
१५ जानेवारी १९७०

प्रिय हनुमंत,

सहा डिसेंबरला दादरहून टाकलेलं तुझं कार्ड मिळालं होतं. उत्तर दिलं नाही, कारण त्यात तू एकच विचारलं होतंस, आईचा पाय कसा आहे, आणि त्याला सरळ उत्तर देणं मला जमत नव्हतं. "बरा आहे" असं एक कार्ड लिहून ठेवलं, पेटीत मात्र टाकलं नाही. आज सगळं क्रमाने लिहिते. हे पत्र रात्रपाळीहून थकून आल्यावर वाचू नकोस. आणि वाचलंस की फाडू नकोस, ते लागणार आहे.

आमच्या हॉस्पिटलात पावसाळा सरल्यापासून साखरेच्या रोग्यांच्या पायांचा अभ्यास चालला आहे. साखर जुनी झाली की तळपायाची जाणीव जाते. खडा टोचला, निखारा लागला, तरी कळत नाही. मग चवड्याखाली जखम होते, आणि ती दुखत नाही म्हणून माणूस तिच्यावरच चालत राहतो. वरून कितीही औषध लावा, दर पावलाला तीच जागा चिरडली जाते. आमचे डॉक्टर काही वर्षं दक्षिणेत कुष्ठरोग्यांच्या इस्पितळात होते. तिथे अशा पायाला गुडघ्याखालून बोटांपर्यंत अंगाबरोबर बसणारं प्लॅस्टर घालतात आणि रोग्याला चालू देतात. भार सगळ्या पायावर वाटला जातो, जखम आतल्या आत भरते. साखरेच्या पायांनाही ते लागू पडतं का, हे डॉक्टरांना बघायचं होतं. म्हणून काही रोग्यांना प्लॅस्टर, आणि बाकीच्यांना ड्रेसिंग व मऊ रबराची खास बनवून घेतलेली चप्पल. कुणाला काय द्यायचं हे आम्ही ठरवायचं नाही, बंद पाकिटातून निघेल ते द्यायचं. प्लॅस्टर घालणं आणि जखमा मोजणं माझ्याकडे. धुतलेली एक्स-रेची फिल्म जखमेवर धरायची, कडेने रेघ ओढायची, मग ती आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजायचे. हे काम मला मनापासून आवडतं. त्यात कुणाच्या मनाचं काही चालत नाही.

तुझ्या आईला, माझ्या मावशीला, या अभ्यासात मीच आणलं. दसऱ्याच्या सुमाराला गावी गेले होते तेव्हा ती पायाला चिंधी गुंडाळून गवताचे भारे वाहत होती. चिंधी सोडून पाहिलं तर अंगठ्याच्या मुळाशी चार आण्याएवढी जखम. "दुकत न्हाई गं, तू उगी तोंड वाकडं करू नगंस," म्हणाली. तिला लोणावळ्याला आणलं. ओसरीवर प्लॅस्टर घातलेले दोघे-तिघे बसले होते. ते पाहून म्हणाली, "मला बी त्यो पांढरा बूट दे की." मी पाकीट फोडलं. चप्पल निघाली. तिला म्हटलं, मावशी, दोन्ही उपाय सारखेच आहेत, कुठला जास्त चांगला ते अजून कुणालाच माहीत नाही. तिने मान डोलावली. "तू म्हनतीस मंग बराबरच आसंल."

हनुमंत, डॉक्टरांना खरोखरच माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

अभ्यास सुरू होण्याआधी एक बैठक झाली होती. डॉक्टरांनी चप्पल टेबलावर ठेवली, वाकवून दाखवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही इकडच्याच ना? तुमच्याकडचे लोक ही वापरतील?" मेट्रन बसल्या होत्या, पुण्याहून आलेले दोन डॉक्टर बसले होते. मला सांगता आलं असतं की आमच्याकडे घरात कुणी चप्पल घालत नाही, चुलीपाशी नाही, बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर नाही, खाचरात तर नाहीच. बाई माणसाचा दिवस यातच जातो, मग चप्पल राहिली फक्त वाटेपुरती. आणि वाटेवरही आमच्या आळीतल्या म्हाताऱ्या वरच्या आळीतून जाताना ती काढून हातात घेतात. आता कुणी काढायला सांगत नाही. धर्म बदलून चौदावं वर्ष लागलं. पण पाय आपोआप थांबतात आणि हात खाली जातो. हे सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, हे तुम्हाला कसं ठाऊक. हॉस्पिटलात माझ्या आडनावावरून कुणाला काही उमगत नाही आणि मीही कधी काही बोललेले नाही. मी म्हटलं, "हो, नीट समजावलं तर वापरतील." डॉक्टरांनी लिहून घेतलं. चर्चा पुढच्या मुद्द्यावर गेली.

तुला आठवतं का, तू भुसावळहून पहिल्यांदा रेल्वेचे बूट घालून आलास तेव्हा मावशी तुला आणायला कान्ह्याच्या स्टेशनवर आली होती? मीही बरोबर होते. वरच्या आळीत ती तुझ्या पुढे चालत होती, स्वतःच्या वहाणा हातात धरून, आणि मागे वळून वळून तुझ्या बुटांकडे बघत होती. तिच्या तोंडावर इतका आनंद मी फार थोड्या वेळा पाहिला आहे. बैठकीत ती चप्पल पाहिल्याबरोबर मला नेमकं हेच आठवलं होतं. म्हणजे ध्यानात आलं नाही, अशी सबब मला नाही.

प्लॅस्टरवाल्यांच्या जखमा भरू लागल्या. कुरवंड्याचा कोंडू म्हणून एक आहे, दगड फोडायला जातो. त्याची बायको बयाबाई दर खेपेला त्याची तक्रार घेऊन येते. "बाई, ह्यो चुलीपाशी बी जोडा घालून बसतो. परवा देवळात तसाच शिरला. साह्यब झालाय." कोंडू म्हणतो, "आगं, निगतच न्हाई तर काय पाय तोडून ठिवू भाईर?" सगळी ओसरी हसली. मीही हसले, आणि हसता हसता मला कळलं की प्लॅस्टरचा गुण एवढाच आहे, ते उंबऱ्यापाशी काढून ठेवता येत नाही. चप्पल अहोरात्र पायात राहिली असती तर तिनेही बराच गुण दिला असता. पण माझ्या तक्त्यात "चप्पल वापरतात का" या रकान्यात मी चप्पलवाल्या प्रत्येकासमोर "होय" लिहीत होते. मी विचारायचे, ते व्हय म्हणायचे. विचारण्याची रीत अशी होती की न्हाई म्हणायला जागा नव्हती. आकडे इतके स्पष्ट येत होते की डॉक्टर खूश होते. पुण्याच्या परिषदेत निबंध वाचायचा होता, त्यावर त्यांच्या खाली माझं नाव होतं. ते नाव टाईप झालेलं मी दोनदा काढून पाहिलं.

गेल्या रविवारी गावी गेले. मावशी अंगण सारवत होती, अनवाणी. चपला कुठे विचारलं, तर फळीवरून पुडकं काढलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, नव्याकोऱ्या. "मंगळवारी घालती की तुज्याकडं यायला. बाकी कशाला मळवू? हास्पिटलची वस्तू." मग थोडं हसून, "वाटंनं हातात घेती, ठेसनात घालती." मी तिला म्हटलं, मावशी, तू हा अभ्यास सोड, मी तुला प्लॅस्टर घालते. कारण विचारलं तिने. मी सांगितलं नाही. तेव्हा तिचं तिनेच कारण शोधलं. मी नियम मोडून तिच्यावर उपकार करते आहे, उद्या माझ्यावर बालंट येईल, असं तिच्या मनाने घेतलं. "मधीच सोडलं तर तुजं काम अर्धवट ऱ्हाईल. तू नाव काढलंस आमचं. माजा पाय काय, म्हातारा हाय, त्यो भरंल न्हाईतर न्हाई भरनार." आणि हनुमंत, मला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं. मी विचारलं, ती नको म्हणाली, आता माझ्याकडे दोष नाही. परतीच्या गाडीत पुढचंच स्टेशन, कामशेत, येईपर्यंत ते समाधान टिकलं.

मंगळवारी ती आली, जखम मोजली. रुंदी तेवढीच आहे, खोली वाढली आहे. खोली बघायला आत घालतो ती सळई अजून हाडाला लागत नाही. एकदा लागली की प्लॅस्टर घालता येत नाही, आणि मग डॉक्टर अंगठ्यापासून कापायला सुरुवात करतात. कुठे थांबतील ते आधी सांगता येत नाही.

काल डॉक्टरांना सगळं सांगितलं. चपलांचं, तक्त्याचं, बैठकीत मी काय बोलले त्याचं, आणि मी कोण, तेही. त्यांनी तक्त्यातला चपलेचा रकाना खोडला. म्हणाले, "हे मी तुम्हाला नव्हे, रोग्यांना विचारायला हवं होतं." निबंध परत घेतला आहे, चप्पलवाल्या सगळ्यांना बोलावून प्लॅस्टर घालायचं ठरलं आहे. माझ्या नोकरीचं काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

बाकीचे येतील. मावशी येत नाही. आज पहिल्या गाडीने मी जाऊन आले. अभ्यास थांबला असं सांगितलं, तर म्हणाली, "माज्यापायी थांबवलास व्हय? जा, डाक्टरला सांग, म्हातारी सोडत न्हाई म्हनून." आणि विळा घेऊन बांधावर गेली. मी मागून गेले, खरं सांगायला तोंड उघडलं. तिने वळून पाहिलं. माझी आई गेल्यावर जिने मला वेणी घालून शाळेत पाठवलं, ती माझ्याकडे कौतुकाने बघत होती. मी न सांगताच स्टेशनची वाट धरली.

म्हणून हे तुला लिहिलं, पण पत्र तिचं आहे. तिला वाचता येत नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून तिने हे ऐकू नये. मिळेल त्या दिवशी रजा टाकून निघ. तिला समोर बसव आणि पहिल्यापासून वाचून दाखव. ती पाय पणाला लावून माझं काम राखते आहे, कारण मी तिचं भलं केलं असं ती धरून चालली आहे. मी काय केलं हे कळलं की तिला माझ्यासाठी काही राखावंसं वाटणार नाही, आणि मग ती प्लॅस्टर घालून घेईल. माझ्या हातून नको म्हणाली तर डॉक्टर घालतील, त्यांच्याशी बोलून ठेवलं आहे. वाचताना ती मध्येच "आसू दे, पोर हाय" म्हणेल. थांबू नकोस, काही गाळू नकोस, आणि माझ्या बाजूने एक शब्दही बोलू नकोस.

तुझी, आणि ती म्हणेल तोवर मावशीची,
शालन