मागच्या गोळ्याचे गाऱ्हाणे

वालावल, मंगळवार

तीर्थस्वरूप विश्रामभावोजी यांना गुरुदासचा वाकून नमस्कार. सरलाताईलाही नमस्कार सांगावा आणि तिचे गुडघे आता कसे आहेत ते कळवावे. आमच्याकडे सगळ्यांच्या प्रकृती उत्तम आहेत, माझी आणि पिकअपची सोडून. फोनच केला असता, पण मी फोनवर ओरडून बोलतो हे तुम्ही जाणता, आणि भार्गवी सारखी पडवीत आंब्याच्या पेट्यांना खिळे मारत बसलेली असते. लेकीबद्दलची भीती लेकीच्या कानावर जाऊ नये म्हणून पोस्टाला शरण आलो.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर तुम्ही पत्र अर्ध्यावर ठेवून दुपारची झोप काढाल. शुक्रवारी भार्गवी आंब्याच्या पेट्या घेऊन फोंडा घाटातून कोल्हापूरला निघणार आहे. स्वतः चालवत, एकटी. (आमचा ड्रायव्हर धोंडू लग्नसराईत वऱ्हाडाच्या गाडीवर गेला. वऱ्हाडात जेवण मिळते, आंबे काही जेवू घालत नाहीत.) आणि मला भीती वाटते, भावोजी. तुमचा जन्म एसटीच्या वर्कशॉपात गेला, म्हणून तुम्हाला हे बोलून दाखवतो आहे. घरात बायकोशी बोललो तर सुगंधा आधी हसते आणि मग रागावते.

पिकअपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढा एक लोखंडी गोळा असतो. त्याला डिफरन्शियल म्हणतात हे मला गेल्या महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते, आणि तोवर मी सुखात होतो. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरते आणि आतले कमी, त्या दोघांची समजूत हा गोळा काढतो, असे भार्गवीने मला सांगितले. (बांधाच्या भांडणात दोन भावांची समजूत काढायला गेलेल्या माणसाचे आपल्याकडे काय होते, ते आठवून मला तेव्हाच धडकी भरली.) तर देवळाकडच्या उतारावर एके दिवशी हा गोळा रडू लागला. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की ऊंऽऽ, पाय दाबला की गप्प. शेजारी बसलेली सुगंधा म्हणाली, "ओ, मागसून कोण रडता, बघा तरी!" मी गाडी थांबवून हौद्यात पाहिले. नारळ होते. नारळ रडत नाहीत, एवढे मला कळते, आणि भीती त्याचीच वाटली.

मी घाबरलो की काय करतो ते तुम्हाला नव्याने सांगायला नको. शेजारच्या भाईंना बोलावले. आमच्या वाडीची देवापुढची सगळी गाऱ्हाणी तेच घालतात. गाडीच्या मागे पाट मांडला, पाटावर नारळ ठेवला, आणि भाई हात जोडून उभे राहिले. "बा देवा म्हाराजा, ह्या गाडयेच्या मागल्या गोळ्यात जी काय इडापीडा शिरली आसात ती भायर काढ, आणि ह्या लेकरांक सांभाळून घे रे म्हाराजा!" आम्ही सगळे एका सुरात "होय म्हाराजा!" म्हणालो. भार्गवी तेव्हा गाडीखाली होती, तिनेही तिथूनच "होय म्हाराजा" म्हटले, आणि वर पुस्ती जोडली, "त्याल कमी आसा, बाबा."

पुढचे ऐकून तुम्हीही घाबराल अशी आशा आहे. मी मदतीच्या भरात खालच्या बोल्टला पाना लावला, तर पोरीने माझा हात धरला. आधी वरचा बोल्ट सोडायचा म्हणे, कारण खालून तेल सांडले आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर नवे तेल ओतायचे कुठून? (हे तुम्हाला माहीत असणार. मला कोणी का सांगितले नाही?) खालच्या बोल्टला लोहचुंबक होते आणि त्याला लोखंडाची काळी पूड चिकटली होती. गोळा आतून झिजून संपला असे समजून मी पायरीवर बसकण मारली. भार्गवीने ती पूड बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाली, "नुसती पूड आसा, तुकडो नाय. भियां नकात."

मग तेल गेले कुठे? चाकांकडच्या सीलमधून बाहेर पडून मागच्या ब्रेकवर. ब्रेकवर, भावोजी! गोळ्याच्या डोक्यावर एक बारीक नळी असते, आतली गरम हवा बाहेर पडायला. ती कोणीतरी फणसाच्या चिकाने घट्ट बुजवली होती. (मीच. उघडी नळी दिसली, खाडीच्या खाऱ्या हवेने आत गंज चढेल अशी भीती वाटली, आणि गळक्या बालदीला लावतो तसा चीक लावला. चीक मात्र अस्सल बरक्या फणसाचा होता.) हवेला वाट मिळेना, तिने तेलालाच बाहेर ढकलले. भार्गवीने चीक खरवडून काढला, सील बदलले, ब्रेक-शू नवे घातले, तेल भरले. तेलावाचून झिजलेले पिनियनचे (म्हणजे गोळ्यातल्या लहान दातेरी चाकाचे) बेअरिंग कुडाळच्या गॅरेजात बदलून घेतले. चिकाची वाटी तेवढी उचलून माझा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवली, आणि त्यानेच मी अर्धा झालो.

तरी आवाज येतोच हो. म्हणून विनंती अशी, की शुक्रवारी घाट चढण्याआधी ती नांदगावला तुमच्या दारात चहाला थांबेल, तेव्हा तुम्ही गाडीखाली शिरा, गोळ्यावर दोन टिचक्या मारा, आणि बाहेर येऊन नकारार्थी मान हलवा. "घाटात नको" एवढेच म्हणा. माझे ती ऐकत नाही, तुमचे ऐकेल.

आपला,
गुरुदास

ता. क. खोटे कशाला लिहू? आवाज आता येत नाही. ओरोसपर्यंत भरलेली गाडी तिने नेऊन आणली, मी शेजारी होतो, गोळा गप्प होता. मला तो आवाज आंघोळ करताना आणि जेवतानाही ऐकू येतो. तेव्हा गाडीखाली तुम्हाला काही सापडणार नाही, मान तेवढी हलवा.

पुन्हा ता. क. मान हलवू नका. तुम्ही नाही म्हटलेत तर ती खरे मानेल, आणि स्वतःच्या हातावरचा तिचा विश्वास उडेल. त्याची मला घाटाहून जास्त भीती वाटते. नीट पाहा, आणि काम चांगले असेल तर चांगले म्हणा, जरा मोठ्याने.

शेवटचा ता. क. शुक्रवारी सकाळच्या रेल्वेने मी तिच्या आधी तुमच्याकडे येऊन बसतो. ती आली की सहज म्हणा, "गो भार्गवी, बापाशीक कोल्हापुराक काम आसा, घेवन जा." काम कसले ते तुम्हीच ठरवा. ती नको म्हणाली तर आग्रह करू नका. ती परत येईपर्यंत मला तुमच्या पडवीत बसू द्या. तिथून रस्ता दिसतो.