चादरीचा उजेड

सर, परवा काकू माझ्या स्टुडिओत आल्या होत्या. तुमच्या संस्थेच्या पनवेलच्या केंद्रात नवीन सभागृह झालंय, तुमच्या पश्चात त्याला तुमचं नाव देतायत. रविवारी उद्घाटन. भिंतीवर तुमचा मोठा फोटो हवा म्हणून त्या बिस्किटांचा पत्र्याचा डबा भरून जुने फोटो घेऊन आल्या. ‘‘तुला बरा वाटेल तो काढ रे. आणि जरा हसरे दिसू देत.’’ मी म्हटलं, ‘‘काकू, कॉम्प्युटरवर पोट कमी होतं, हसू आणता येत नाही.’’ त्या हसल्या. मी कोणाचा मुलगा, हे त्यांना माहीत नव्हतं.

त्या गेल्यावर मी तुमचा एक फोटो स्कॅन केला आणि दुपारची जेवणाची वेळ मोडून त्याच्यावर काम करत बसलो. मनगटावरचं घड्याळ काढलं. खिशातलं पेन काढलं. शर्टाची इस्त्री मोडली, कॉलर उसवली, आणि उसवलेला धागासुद्धा असा काढला की चिमटीत धरावासा वाटेल. माझं काम कच्चं नसतं. खाली फक्त ‘यांना मदत करा’ लिहायचं राहिलं होतं. हे कुठे शिकलो, ते तुम्हाला सांगायला नको.

आठवा, मी लहान होतो. मिठागराच्या बांधावर आई उभी आहे. तुम्ही कॅमेऱ्याच्या मागे, आणि तुमच्या गळ्यात दुसरा कॅमेरा. तिकडे परदेशात त्यांच्या सणाच्या दिवसांत घरोघरी देणगी मागणारी पाकिटं जायची, त्यात घालायच्या कागदावर हा फोटो छापायचा होता. ‘‘नवरा जिवंत असलेल्या बाईसाठी कोण पैसे काढतो?’’ असं तुम्ही तुमच्या सहकाऱ्याला म्हणालात. आमच्यासमोर, मराठीत, जणू आम्हाला मराठी येत नव्हतं. मग आईला म्हणालात, ‘‘कुंकू पूस गं. दोन मिनिटांचा प्रश्न आहे, नंतर लाव परत.’’ आई म्हणाली, ‘‘सायेब, ह्यो समोर उभा हाय नं माजा!’’ बाबा समोरच होते. उजेड तिच्या तोंडावर यावा म्हणून तुम्ही त्यांच्या हातात निळ्या काठाची पांढरी चादर दिली होती. तेच हसून म्हणाले, ‘‘पूस गो. तुज्या पुसन्यानं मी काय मरत नाय.’’ आईनं पदर मिठागराच्याच पाण्यात बुडवला आणि पुसलं. मंगळसूत्र पोलक्यात सारलं, बांगड्या पदराखाली घेतल्या.

छापलेला कागद केंद्रात लागला तेव्हा बाबा मुद्दाम बघायला आले. ‘‘सर, माजं हात तरी कुठं गेलं?’’ तुम्ही म्हणालात, ‘‘कागद लहान होता.’’ त्या पाकिटांच्या पैशातून शाळेवर पत्रे चढले, नर्स येऊ लागली. ते मी नाकारत नाही, त्याच पत्र्यांखाली मी सातवीपर्यंत शिकलो. पण पुढच्याच वर्षी जासईला कंटेनरच्या यार्डात ट्रेलर मागे येताना बाबा त्याखाली सापडले. आई तुम्हाला एक शब्द बोलली नाही. ती स्वतःलाच बोलत राहिली, शेवटच्या आजारपणापर्यंत. ‘‘माज्या हातानी पुसलं नं मी.’’ मी शंभरदा समजावलं असेल. ट्रेलरच्या ड्रायव्हरला तिनं माफ केलं, स्वतःला नाही. आणि तुम्हाला मी केलं नाही.

डब्याच्या तळाशी तो फोटो मिळाला. न कापलेला. आई आहे, कपाळावर ओला डाग आहे, आणि उजवीकडे अख्खे बाबा, दोन्ही हात वर ताणून चादर धरलेली, तोंडभर हसतायत. कागद लहान नव्हता, सर. तुम्ही माझ्या बापाला कापलंत. आणि हा फोटो जपूनही ठेवलात.

मी तुमची कॉलर शिवली, घड्याळ परत चढवलं. लबाडीला लबाडी कशाला? हा फोटो खरा आहे, हा जास्त लागेल. तुमच्याएवढाच मोठा केला. काल काकू आल्या तेव्हा दोन्ही शेजारी ठेवले होते. त्यांनी ओळखलं. ‘‘ही ती बिचारी विधवा ना? फार पैसे आले हिच्या फोटोवर, हे म्हणायचे. मग हा कोण?’’ ‘‘तिचा नवरा. माझे बाबा.’’ काकूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी म्हटलं, ‘‘हा लागणार नसेल तर सरही लागणार नाहीत. दुसरीकडून करून घ्या.’’ मग म्हणाल्या, ‘‘लाव. पण माझ्या खुर्चीमागे लाव. मला बघायला नको.’’

त्यांच्या खुर्चीमागे म्हणजे तुमच्या बरोबर समोर. त्या पाठ फिरवून बसतील. तुम्हाला ती सोय नाही. येईल तो विचारेल, हा चादरवाला कोण, आणि मी सांगेन.

हे पत्र काकूंच्या हाती द्यायचं होतं, देत नाही. त्यांना पुरे झालं. आता एकच. गिऱ्हाईकं विचारतात, ‘‘कुठे शिकलात?’’ मी म्हणतो, ‘‘आपलं आपण.’’ काल मोठा केल्यावर त्या फोटोत काही सुधारावं म्हणून तासभर बसलो. आईच्या गालावरचा उजेड, डोळ्यांखालची सावली, कुठेच हात लावता आला नाही. त्या कापलेल्या कागदाकडे बघूनच मी उजेड धरायला शिकलो, सर. हात बाबांचे होते, पण चादर कुठे धरायची ते तुम्ही सांगितलं होतं.