इंग्रजी मला येतंच

१४ जून १९५३, रविवार, मुक्काम गास

उद्यापासून हायस्कूल. आठवी. आमच्या वाडीतून हायस्कूलला जाणारी मी पहिली मुलगी. ही वही फक्त माझ्यासाठी. दुसऱ्या कुणी उघडली तर ते पाप धरलं जाईल आणि फादरांपुढे कबूल करावं लागेल.

वर्षाचे संकल्प. दिवाळीपर्यंत इंग्रजी बोलायचं. नाताळपर्यंत इंग्रजीत विचार करायचा. मॉनिटर व्हायचं. पहिल्या तिनात नंबर. घरात आमची बोली बंद, फक्त पुस्तकातलं मराठी. रडायचं नाही.

चर्चमधली मिस्सा संपल्यावर आग्नेसमावशी घरी आली. म्हणाली, सातवी फायनल झाली, पोरीच्या जातीला पुष्कळ झालं. आता सेलिनला माझ्याकडे पाठवा, माझ्या लेकीबरोबर, बेटीबरोबर, शिवण शिकेल. बाबा म्हणाले, एक वर्ष बघू.

बाबा माझ्या बाजूला आहेत. ‘बघू’ हे नुसतं मावशीला गप्प करायला.

१५ जून, सोमवार

इंग्रजीला पाटणकर सर. उंच, किडकिडीत, खडू अगदी संपेपर्यंत वापरतात. आल्याबरोबर विचारलं, थोडंफार इंग्रजी कुणाला येतं? आठवीतच इंग्रजी सुरू होतं, त्यामुळे सगळे गप्प. मी हात वर केला.

बिस्किटाच्या डब्यावरून अक्षरं शिकले होते, पण उभं राहिल्यावर ती कमी वाटली. म्हणून चर्चमधली ‘पाटेर नोस्तेर’ प्रार्थना म्हटली, शेवटपर्यंत, न अडखळता. वर्ग गार. सर म्हणाले, पाठांतर उत्तम आहे, पण ही लॅटिन आहे.

म्हणजे इंग्रजीच्या पलीकडचंही मला येतं, हे पहिल्याच दिवशी त्यांच्या लक्षात आलं.

शेजारी लीला बसते. पानमळेवाल्यांची. घर शाळेला लागूनच. हळू बोलते. तिला मदत करायची असं ठरवलं आहे.

१६ जून

घरी आल्यावर आईला विचारलं, “मातोश्री, आपले भोजन झाले का?” आईने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

६ जुलै

मॉनिटरची निवडणूक. मी नाव दिलं नव्हतं. म्हणजे दिलं होतं, पण मनापासून नव्हतं. लीलाला एकतीस मतं, एका मुलाला आठ, मला एक. ते एक कुणाचं हे मला माहीत आहे, पण मतदान गुप्त असल्यामुळे लिहीत नाही.

मॉनिटरला फळा पुसावा लागतो. बरंच झालं.

३ ऑगस्ट

पाटणकर सर रोज मलाच उभं करतात. चाळीस जणांत रोज मीच. “सेलिन, तू सांग.” मी सांगत नाही. सगळी उत्तरं एकटीने दिली तर बाकीच्यांनी काय शिकायचं?

आज ‘हॅज’ आणि ‘हॅव’. फरक फार नाही. शेवटचं अक्षर वेगळं आहे.

सर तास संपताना विचारतात, कुणाला कळलं नसेल तर हात वर करा. मी करत नाही. पहिल्या दिवशी तो हात वर गेला होता. आता कसा करणार?

१४ सप्टेंबर

रीडरचं पहिलं पान तोंडपाठ. दुसरं पुढच्या आठवड्यात. दिवाळीला अजून पुष्कळ वेळ आहे.

घरातली बोलीबंदी उठवली. मी पुस्तकातलं बोलले की आई मला वाढायचंच विसरते.

२६ ऑक्टोबर

सहामाहीचे मार्क. इंग्रजी, शंभरपैकी चौदा.

कारणं: टाक गळत होता. पेपरात पहिलं पान विचारलंच नव्हतं. माझ्या पुढचा मुलगा सारखा खोकत होता.

लीलाला एकाहत्तर. म्हणाली, “सुटीत आपण दोघी मिळून करू या का?” मी म्हटलं, नको. जिला आपण मदत करायची ठरवलं तिच्याकडूनच मदत घेणं शोभत नाही. हे दुसरं वाक्य मनात.

संध्याकाळी प्रगतिपुस्तकावर बाबांची सही. बाबांनी चौदावर बोट ठेवलं.

“ह्या काय?”

“नंबर.”

“किती पोरांत?”

“चाळीस.”

बाबांनी बराच वेळ पुस्तकाकडे पाहिलं. मग सावकाश सही केली, पानाला माती लागू नये म्हणून आधी हात पुसून.

हे खोटं नव्हे. चौदा हा नंबरच असतो.

२५ डिसेंबर, नाताळ

इंग्रजीत विचार करण्याची मुदत आज संपली. सकाळी केळीच्या बागेत बसून केला. मॅन. पॅन. मॅन. द मॅन हॅज अ पॅन. एवढ्यावर विचार संपले. पण जेवढे केले तेवढे इंग्रजीत केले.

११ जानेवारी १९५४

आनंदाची बातमी, आणि तीसुद्धा उशिराच. बावीस तारखेला एज्युकेशन इन्स्पेक्टर येणार. आठवीतर्फे इंग्रजीत स्वागत मी करायचं. पाटणकर सरांनी सगळ्या वर्गातून मला निवडलं. म्हणाले, लीलाचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत जात नाही, तुझा रस्त्यापर्यंत जातो.

तो त्यांचा बोलण्याचा प्रकार आहे. उघड स्तुती करायची नाही.

चार वाक्यं आहेत. मी देवनागरीत लिहून घेतली. हेडमास्तरांनी बाबांकडे निरोप पाठवला की पाहुण्यांसाठी वेलची केळी पाठवा. बाबा म्हणाले, मीच घेऊन येतो.

१९ जानेवारी

चार वाक्यं आता झोपेतसुद्धा येतात. आई म्हणते, येतातच. पाचवं स्वतःचं घालावं का, असा विचार आहे. सरांना सांगितलं नाही.

लीलाने विचारलं, चारही वाक्यांचा अर्थ माहीत आहे ना? अर्थ इन्स्पेक्टरला कळला म्हणजे झालं.

२२ जानेवारी, शुक्रवार

आधी सगळं नीट झालं, हे आधी लिहिते.

गुड मॉर्निंग सर. वेलकम टू अवर स्कूल. वुई आर ग्लॅड टू सी यू. थँक यू. एकही शब्द चुकला नाही. आवाज रस्त्यापर्यंत गेला. इन्स्पेक्टर खूश. इतके खूश की खुर्ची पुढे ओढली आणि मला विचारलं, “व्हॉट इज युवर नेम?” सांगितलं. मग विचारलं, “व्हॉट इज युवर फादर?”

हे चार वाक्यांत नव्हतं. फादर कळलं. युवर कळलं. बाबा दारातच उभे होते, धुतलेला सदरा, लाल टोपी, डोक्यावर केळ्यांची पाटी. मी त्यांच्याकडे पाहिलं. बागाईतदाराला इंग्रजीत काय म्हणतात ते आठवेना. केळ्याला काय म्हणतात ते येत होतं.

“माय फादर इज अ बनाना.”

इन्स्पेक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. हेडमास्तर हसले. मग वरचे वर्ग हसले आणि ते हसले म्हणून आमचा वर्ग हसला. लीला हसली, मग थांबली. पाटणकर सर हसले नाहीत. खडूकडे बघत होते.

बाबा पण हसले, सगळे हसतात म्हणून. मग पाटी खाली ठेवून शिपायाला काहीतरी विचारलं. शिपायाने त्यांच्या कानात सांगितलं. बाबांनी टोपी नीट केली.

आम्ही दोघं घरी निघालो. वाडीजवळ आल्यावर बाबा म्हणाले, “बनाना म्हंजे केळा ना?”

“हो.”

“बरा,” बाबा म्हणाले.

माझं मत: वाक्य बरोबर होतं. एक शब्द कमी पडला. इन्स्पेक्टरांनी माझ्याशी आणखी बोलायला हवं होतं, पण त्यांना हसू आवरेना, त्याला मी काय करू?

८ फेब्रुवारी

नववीतली मुलं मला बनाना म्हणतात. आज एकाने बाजारात बाबांनाच हाक मारली. बाबांनी वळून पाहिलं आणि त्याला विचारलं, “किती डझन?” तो पळाला.

मी त्याच्यामागे पुलापर्यंत धावले. सापडला नाही. सापडला असता तर त्याचं काही खरं नव्हतं.

मान खाली घालून चालणार नाही. मधल्या सुटीत मुद्दाम नववीच्या वर्गासमोरून दोनदा जाते. आज डोळ्यात धूर गेला. शाळेत चूल नाही, तरी गेला.

२१ मार्च, रविवार

आग्नेसमावशी आली. बेटीही आली होती. मावशी म्हणाली, मशीन आता दोघींना पुरेल, पोरीला पाठवून द्या, सगळ्या गावात केळ्याची गोष्ट झाली आहे, इंग्रजी म्हणजे काय ते कळलं आता सगळ्यांना.  बाबा म्हणाले, “निकाल लागू दे.”

‘बघू’ म्हणाले नाहीत.

बेटी मला मागच्या अंगणात घेऊन गेली. म्हणाली, तुझं पुस्तक वाच ना, मला ऐकायचं आहे कसं वाटतं ते. सातवीत ती माझ्यापेक्षा हुशार होती. गणितात तर फारच. मी पहिलं पान वाचलं. तिने अर्थ विचारला. दोन शब्द मला आले नाहीत. मी अर्थ बनवून सांगितले. बेटीने मान हलवली आणि ते दोन्ही शब्द हळूच म्हणून पाहिले, मी बनवलेल्या अर्थासकट.

तिने ते खरं मानलं. मला बरं वाटायला हवं होतं.

१० एप्रिल

वार्षिक परीक्षा संपली. इंग्रजीचा पेपर लांबलचक. मी लवकर बाहेर आले. लवकर येणारे दोन प्रकारचे असतात, त्यातली मी पहिल्या प्रकारची.

१६ एप्रिल, सकाळी सहा

मावशीकडे जायचं नाही म्हणजे नाही. निकाल काही लागो. ठरवलं आहे: आजपासून अन्नत्याग. कुणी विचारलं तर कारण सांगायचं आणि मागे हटायचं नाही. आत्तापासून एक घास नाही.

त्याच दिवशी, दुपारी

अजून कुणी विचारलं नाही.

संध्याकाळी

आज गुड फ्रायडे. घरात सगळ्यांनाच उपास आहे. चर्चला गर्दी होती म्हणून माझ्या लक्षात आलं. आईने शेजारणीला सांगितलं, सेलिन या वर्षी सुधारली, न सांगता उपास धरला, पाणीसुद्धा मागितलं नाही.

अन्नत्याग उद्यापासून नको. परवा ईस्टर, आई सारणाच्या करंज्या करणार आहे.

१ मे, शनिवार

नापास. इंग्रजी बावीस. गणित एकतीस. शेऱ्यात: त्याच इयत्तेत ठेवण्यात आले आहे.

लीला वर्गात दुसरी. तिने माझं पुस्तक बघायला मागितलं नाही. फाटकापर्यंत माझ्याबरोबर चालत आली. मी म्हटलं, आठवी मला आवडते म्हणून मी थांबले. ती बरं म्हणाली.

मला आज भांडायचं होतं. वाटेत सगळं भाषण तयार केलं: मी शिवणार नाही, मशीन मोडेन, मावशीच्या घरून पळून येईन, चालत येईन. घरी मावशी बसलेलीच होती. मी बाबांच्या हातात पुस्तक दिलं आणि भाषणाला सुरुवात करणार, तेवढ्यात बाबांनी पानावर बोट ठेवलं.

“ऑक्टोबरात चौदा,” ते म्हणाले. “आता बावीस. वाढ हाय.”

 बाबांना मराठी वाचता येतं आणि पानावर ‘शंभरपैकी’ मराठीत छापलेलं आहे. हे मला ऑक्टोबरात सुचलं नव्हतं.

मावशी म्हणाली, मग न्यायची ना पोर? बाबा म्हणाले, “तिला विचार.” मावशीने मला विचारलं. माझं भाषण तीन पानांचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, “नाय जायचं.” आमच्याच बोलीत.

“ऐकलास?” बाबा मावशीला म्हणाले. “बागेत तरी घेऊन काय करू हिला? गेल्या मे महिन्यात केळींना पानी सोडायला सांगितला, तर पानी रस्त्यावर आणि ही झाडाखाली झोपलेली. शाळेत निदान बसून तरी राहते.”

मावशी हसली. आई हसली. एवढी लढाईची तयारी केली आणि लढायला समोर कुणी नाही. मला शाळेत ठेवण्याचं कारण मी बागेत निरुपयोगी आहे हे. याला विरोध करायला हवा होता, पण केला असता तर बागेत जावं लागलं असतं.

मावशी निघाल्यावर मी बेटीला चिठ्ठी पाठवली. त्या दोन शब्दांचे खरे अर्थ. लीलाला आधीच विचारून ठेवले होते. ‘आधीचे चुकले होते’ असंही लिहिलं. ते लिहायला चिठ्ठीतल्या बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

१४ जून १९५४, सोमवार

हायस्कूल सुरू. आठवी. वर्गात सगळ्यांत उंच मी. मागच्या बाकावर बसवलं.

या वर्षी संकल्प केले नाहीत. सुटीत लीलाच्या घरी जात होते, तिने एक वाक्य पाठ करून घेतलं होतं, तेवढंच. अर्थासकट.

पाटणकर सरांनी नव्या मुलांना विचारलं, इंग्रजी कुणाला येतं? कुणीच हात वर केला नाही. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीकडे पाहिलं. मग ते ‘हॅज’ आणि ‘हॅव’वर आले, कारण दुसऱ्यांदा बसलेले आम्ही पाच जण आहोत आणि आम्ही कुठे अडलो ते त्यांना बघायचं होतं. अर्धा तास सांगितलं. म्हणाले, कुणाला कळलं नसेल तर हात वर करा.

मी उभी राहिले. आवाज रस्त्यापर्यंत गेला असणार.

“सर, आय डू नॉट अंडरस्टँड.”

सरांनी खडू खाली ठेवला.

“वाक्य बरोबर आहे,” ते म्हणाले. “बस.”

वर्षभरातलं पहिलं बरोबर वाक्य. बसले.

मग त्यांनी ‘हॅज’ आणि ‘हॅव’ पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, सावकाश, माझ्याकडे बघून. कळलं नाही. मी पुन्हा हात वर केला.