सुहास, पेनरोजची पाटी उतरली

प्रिय सुहास,

काल पेनरोजला, जिथे तू पाच वर्षं राबलास त्या ग्रेगच्या वर्कशॉपची पाटी उतरवली. फार्मसीतून अर्धा दिवस रजा टाकून मी मुद्दाम बघायला गेले. समोरच्या फुटपाथवर उभी राहिले, शेवटचा स्क्रू निघेपर्यंत. आनंद झाला रे! खोटं कशाला बोलू? तू गेल्यापासून काल पहिल्यांदा पोटभर जेवले. म्हणून आज तुला लिहायला बसले.

तू असतास तर म्हणाला असतास, "मेधा, सोड ना." तिथेच तर तुझं चुकलं. तू सगळं सोडत गेलास!

पिंपरीची चांगली नोकरी सोडून इथे परदेशात आलास, आणि मिळालं काय, तर अमेरिकेहून आलेल्या त्या अवाढव्य पिकअप ट्रकचं डावीकडचं स्टिअरिंग उजवीकडे बसवायचं काम. वर त्या ट्रकच्या प्रेमातच पडलास! जेवताना मला आणि आपल्या लेकीला, इराला, तेच पुराण. पूर्वी हा ट्रक म्हणजे शेतावरचा गडी. एक लांब बाक, दोन दारं, मागे माल. मग मागची सीट आली, चार दारं आली, एअरबॅग आल्या, आणि शेतावरचा गडी बायकापोरांना घेऊन बीचवर जायला लागला. "पण मागचे स्प्रिंगचे पाटे बघ, अजून तेच! वजन पेलायचं तर पाटेच हवेत." मी फोडणी देता देता नुसतं हं हं करायचे.

दोन हजार चारचं मॉडेल आलं त्या दिवशी तर तू घरात नाचलास. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, जास्त भक्कम, मागचा हौदा जास्त खोल, आणि स्टिअरिंगची रचनाच नवी. जुन्याला चासीवर जाडजूड गिअरबॉक्स असायचा, नव्याला रॅक आला, म्हणजे चाकं वळवणारी दात्यांची पट्टी. त्यामुळे जुनी युक्ती, म्हणजे स्टिअरिंगचा दांडा कापून दुसऱ्याला वेल्ड करायचा, ती इथे धोक्याची होती. नीट जोड अमेरिकेहून मागवायला हवा होता. त्याला लागणार सहा आठवडे. ग्रेगला थांबायचं नव्हतं, आणि तू हात लावायला तयार नव्हतास. मग माझ्या ऑपरेशनसाठी तू आठवडाभर रजेवर गेलास, तेव्हा त्याने स्वतःच वेल्ड मारला.

तो दांडा बॅरी नावाच्या गिऱ्हाइकाच्या ट्रकमध्ये उतारावर तुटला. ट्रक चरात गेला, बॅरीचा पाय दोन ठिकाणी मोडला. ग्रेगने सगळ्यांसमोर तुझं नाव घेतलं. "इंडियात असंच वेल्ड करतात," म्हणाला. तू खोक्यात सामान भरून घरी आलास आणि गप्प बसलास. का रे? मला तरी सांगायचंस! मला वाटलं, चूक तुझीच असेल. हो सुहास, तुझ्या बायकोलाही तसंच वाटलं. सात महिन्यांनी सकाळी चहा गाळताना तू कोसळलास, तेव्हाही मी तसंच समजत होते. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी म्हणते, ग्रेग.

ते खोकं मी तू गेल्यावर उघडलं. तुझ्या रबरी जँडल चपला, डबा आणि कामाची वही. ती वही ग्रेगने चाळूनही तुला नेऊ दिली असणार. का नाही देणार? सगळी मराठीत! ट्रकचं चित्र, दांड्याला बाण, आणि खाली तुझं अक्षर: "ग्रेगला परत सांगितलं. नव्या रॅकला हा वेल्ड टिकणार नाही. माणूस मरेल. तो म्हणतो, शी'ल बी राइट, होईल सगळं ठीक."

मी बस बदलत शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीला, बॅरीकडे गेले. दारातच तो म्हणाला, "तुझ्या नवऱ्याने माझा पाय घालवला."

"तुटलेला दांडा आहे का अजून?" मी विचारलं.

होता! गॅरेजमध्ये, फडक्यात गुंडाळून. मी त्याला तुझी वही इंग्रजीत वाचून दाखवली, तेव्हा त्याला पटलं. तो दांडा, वहीतलं चित्र आणि त्या आठवड्यात तू रजेवर होतास हे दाखवणारे माझ्या ऑपरेशनचे कागद घेऊन आम्ही दोघं सरकारी तपासनीसाकडे गेलो. मी ओळ न् ओळ इंग्रजीत करून दिली. तो म्हणाला, "तुम्ही फार्मासिस्ट. रॅक म्हणजे काय, हे तुम्हाला कसं ठाऊक?" म्हटलं, "नवरा रोज जेवताना शिकवायचा."

चौकशी सुरू झाली तसा ग्रेग मनुरेवातल्या फार्मसीत माझ्या काउंटरवर आला. "तक्रार मागे घे. मलाही फॅमिली आहे. सूबद्दल मला वाईट वाटतं." पाच वर्षं तुला 'सू' म्हणून हाक मारली त्याने, बाईचं नाव, आणि वर्कशॉपमधली पोरं हसायची! मी म्हटलं, "त्याचं पूर्ण नाव घे." दुकानात सहा गिऱ्हाइकं उभी. अडखळला, घामाघूम झाला, पण "सुहास" म्हणाला. मी म्हटलं, "थँक यू. तक्रार तशीच राहील. नेक्स्ट प्लीज."

चौकशीनंतर वर्कशॉप बंद झालं, आणि त्याच्याबरोबर तिघांचं काम गेलं. त्यांचं वाईट वाटतं. त्याचं नाही. इराने विचारलं, "आर यू हॅपी नाउ, मम?" मी हो म्हटलं.

सुहास, त्या आठवड्यापासून तसा वेल्ड मारलेले अकरा ट्रक त्याने विकले होते. नऊ सापडले. दोन अजून कुठेतरी फिरतायत, कदाचित मागच्या सीटवर मुलं घेऊन. तुला वचन देते, ते दोन्ही मी शोधून काढीन, आणि प्रत्येकाच्या मालकाला सांगेन की हा दांडा कोणी वेल्ड केला आणि नको कोण म्हणालं होतं.

तुझ्यावरही थोडी रागावलेली,
तुझी मेधा